आंबवलेल्या गाजर-बिटाच्या रसात ई. कोलाय पुन्हा पुन्हा का येतो: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची वेळ

गाजर, बीट किंवा कोबीच्या रसाला प्रोबायोटिक जिवाणूंचे विरजण लावले, की त्यातले रोगकारक जंतू आटोक्यात राहतात, या भरवशावर अनेक बचत गट आणि घरगुती उद्योग हा रस बाटलीबंद करून विकू लागले आहेत. भरवसा चुकीचा नाही. मात्र त्याच्या अटी आहेत आणि त्या अटी पाकिटावर छापलेल्या नसतात. अशा उद्योगांकडून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण तपासत गेले की बहुतेक एकाच दोषापाशी येऊन थांबतात: रस ज्या वेळेत आंबट व्हायला हवा, त्या वेळेत तो होत नाही.

लक्षणे

सर्वांत स्पष्ट लक्षण म्हणजे विरजण लावून २४ तास झाले तरी रसाचा सामू, म्हणजे पीएच, ४.६ च्या खाली आलेला नसतो. गाजर आणि बीट यांच्या ताज्या रसाचा सामू सुमारे ६ असतो. म्हणजे हा रस फळांच्या रसासारखा मुळातच आंबट नाही आणि जंतूंच्या दृष्टीने तो जवळजवळ दुधाइतकाच मोकळा आहे.

दुसरे लक्षण अधिक गोंधळात टाकते. सामू ३.९ किंवा ४ दाखवतो, चवही आंबट असते, आणि तरीही प्रयोगशाळेच्या अहवालात कोलिफॉर्म (विष्ठेतून किंवा मातीतून येणाऱ्या जिवाणूंचा गट) किंवा त्यातलाच ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा जिवाणू, आढळतो. तिसरे लक्षण डोळ्यांना दिसते: रस चमच्यातून पडताना त्याला तार सुटते, बरणीत भरपूर बुडबुडे येतात, झाकण फुगते, किंवा कुजलेल्या कोबीसारखा वास येतो. चौथे लक्षण उशिरा दिसते. रस नीट आंबतो, विक्रीलाही जातो, पण आठ-दहा दिवसांनी पृष्ठभागावर पांढरी सुरकुतलेली साय धरते आणि उतरलेला सामू पुन्हा वर चढू लागतो.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसले तर रस चाखून पाहू नये. रोगकारक जंतूंना आणि बोट्युलिनम विषाला (क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे, नसा लुळ्या पाडणारे विष) स्वतःची अशी चव किंवा वास असेलच असे नाही. चव हे स्वयंपाकात चांगले साधन आहे, या कामात ते घातक आहे.

आधी हे समजून घ्यावे

आपण दही लावतो तेव्हा दूध उकळून, कोमट करून, मग विरजण लावतो. उकळल्यामुळे दुधातले बहुतेक जिवाणू आधीच गेलेले असतात, म्हणून चमचाभर विरजण पुरते. भाजीच्या रसाच्या बाबतीत मात्र आपण कच्च्या रसात तेवढेच चमचाभर विरजण घालतो आणि दह्यासारखाच परिणाम अपेक्षितो. मातीतून आलेल्या गाजराच्या रसात दर मिलिलिटरला लाखो जिवाणू आधीपासून असतात. त्यांत निरुपद्रवी असतात, तार आणणारे असतात, आणि शेणखतातून किंवा सांडपाण्याच्या पाटातून आलेले ई. कोलाय व साल्मोनेला हे रोगकारकही असू शकतात. विरजणाचे जिवाणू आणि हे सारे एकाच साखरेवर एकाच वेळी तुटून पडतात. पहिल्या १२ ते १८ तासांत कोण पुढे जातो, यावर पुढचे सगळे ठरते.

विरजणाचा जिवाणू, बहुधा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम, जिंकतो तो मुख्यतः लॅक्टिक आम्लाच्या जोरावर. हे आम्ल अविघटित, म्हणजे न तुटलेल्या, रूपात जंतूच्या पेशीत शिरते, आत गेल्यावर विघटित होते आणि पेशीचा अंतर्गत सामू बिघडवते. ३.८६ सामूला यातले निम्मे आम्ल अविघटित असते. सामू ५ वर असताना हे प्रमाण फार कमी असते. म्हणून ‘थोडा आंबट’ रस आणि ‘पुरेसा आंबट’ रस यांत मोठे अंतर आहे. प्लांटारमचे काही वाण बॅक्टेरिओसिन नावाची प्रथिनेही तयार करतात आणि ती लिस्टेरियासारख्या जंतूंवर चालतात, पण ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या पेशीला बाहेरचे आणखी एक आवरण असते, त्यामुळे त्यांच्यावर या प्रथिनांचा एकट्याने फारसा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी आम्ल आणि वेळ हीच शस्त्रे आहेत.

आता तपासण्या, सर्वांत सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून.

मोजमाप खरे आहे का

बिटाच्या रसात सामूची कागदी पट्टी बुडवून रंग जुळवणे म्हणजे गुलालात भिजलेल्या कापडाचा मूळ रंग ओळखण्यासारखे आहे. पट्टीचा रंग रसाचाच होतो. एका ताईंनी माझ्यासमोर पट्टी बुडवली, ती गर्द किरमिजी झाली, आणि त्यांनी डबीवरच्या तक्त्यातला त्यातल्या त्यात जवळचा लालसर चौकोन पाहून वहीत ‘४’ लिहिले. त्याच रसाला मीटरने ५.२ दाखवले. कित्येक महिने त्या वहीत रोज ४ लिहिलेले होते.

म्हणून खिशात मावणारा साधा सामूमापक घ्यावा आणि दर दिवशी वापरण्यापूर्वी तो ४.०१ आणि ७.०० च्या प्रमाणित द्रावणांवर जुळवून घ्यावा. त्याचे काचेचे टोक शुद्ध पाण्यात ठेवू नये; पोटॅशियम क्लोराईडच्या साठवण-द्रावणात ठेवावे, नाहीतर काही आठवड्यांत ते मंद पडते आणि चुकीचा आकडा पूर्ण आत्मविश्वासाने दाखवू लागते. रस ढवळून, वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने वेगळ्या पेल्यात काढून मोजावेत. मीटर थेट बरणीत बुडवणे म्हणजे नवा संसर्ग आत सोडणे.

नोंद ०, ६, १२, १८ आणि २४ तासांना करावी. शेवटचा एकच आकडा पाहून दोष कुठे आहे ते कळत नाही. पहिल्या १२ तासांत सामू जागचा हलला नसेल तर दोष विरजणात किंवा तापमानात आहे. सामू आधी उतरून ५ च्या आसपास अडकला असेल तर साखर, मीठ किंवा दुसऱ्या जिवाणूंची चढाई हे कारण शोधावे लागते.

रसाचे तापमान

खोलीचे तापमान आणि रसाचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निफाड तालुक्यातल्या एका गटाची तक्रार होती की ऑक्टोबरपर्यंत उत्तम आंबणारा रस डिसेंबरात अचानक तार धरू लागला, म्हणून विरजण विकणाऱ्याने फसवले असावे. सकाळी सात वाजता मी त्यांच्या बरणीत तापमापक धरला. पारा १७ अंशांवर होता. बरणी फरशीवर, खिडकीखाली ठेवलेली होती आणि तोंडाला स्वच्छ दादरा बांधला होता. काळजीत काहीच उणे नव्हते, फक्त ऊब नव्हती. त्या तापमानाला प्लांटारम जवळजवळ झोपलेला असतो. ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू मात्र गारव्यातही वाढतात, आणि गाजर-बिटातल्या साखरेपासून डेक्स्ट्रानचा चिकट गोंद तयार करतात. तार येते ती त्यामुळे.

प्लांटारमला ३० ते ३५ अंश सेल्सिअस मानवते. थर्मोकोलच्या पेटीत कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवून हे सहज साधते. थंडीत दह्याचे भांडे पिठाच्या डब्यात किंवा कांबळ्यात ठेवणारे आपण, यात नवे असे काही नाही. पाणी दर चार-पाच तासांनी बदलावे लागते आणि रात्रीची पाळी कोणी घ्यायची हे आधी ठरवावे लागते. त्या गटाने विरजण न बदलता फक्त पेटी केली आणि पुढची बॅच वेळेत ४ च्या खाली आली.

पाकिटात नेमके कोण आहे

ही तपासणीही फुकटच आहे, केवळ चष्मा लावून बारीक अक्षरे वाचायची. औषधांच्या दुकानातली प्रत्येक ‘प्रोबायोटिक’ पुडी रस आंबवण्यासाठी नसते. जुलाबावर दिली जाणारी बॅसिलस क्लॉसाय ही बीजाणूंची, म्हणजे जिवाणूंच्या कठीण कवचातल्या निद्रिस्त रूपांची, औषधी कुपी आहे. तो जिवाणू अल्कधर्मी वातावरण पसंत करणारा आहे आणि रसात लॅक्टिक आम्ल करून देणे हे त्याचे काम नाही. सॅकरोमायसिस बोलार्डी हे तर यीस्ट आहे. ते रसात घातले तर वायू आणि अल्कोहोल तयार होईल, झाकण फुगेल, पण सामू पुरेसा उतरणार नाही. लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जगभर अभ्यासलेला वाण पोटासाठी नावाजलेला आहे, पण तो सुक्रोज आंबवू शकत नाही, आणि बिटातली साखर बहुतांश सुक्रोजच असते. चांगला जिवाणू चुकीच्या कामाला लावला, तर दोष जिवाणूचा नाही.

नावांबाबत एक सूचना: २०२० साली लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाची फोड होऊन अनेक नवी नावे आली, त्यामुळे जुन्या पाकिटावर ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ आणि नव्यावर ‘लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम’ असेल तर दोन्ही एकच आहेत. पाकीट प्रवासात उन्हात तापले होते का, मुदत उरली आहे का आणि घरी ते कुठे ठेवले होते, हेही विचारावे. वाळवलेले जिवाणू दमट हवेत आणि उष्णतेत मरतात, आणि मेलेल्या भुकटीचा रंग-वास जिवंत भुकटीसारखाच असतो.

वायूचे प्रमाण हीदेखील एक कसोटी आहे. प्लांटारम ग्लुकोज आणि फ्रुक्टोजपासून जवळजवळ निव्वळ लॅक्टिक आम्ल करतो, त्यात वायू फारसा निघत नाही. त्यामुळे एकट्या प्लांटारमचे विरजण लावूनही बरणी फसफसत असेल, तर आत काम करणारा जिवाणू आपला नाही, असे समजून चालावे.

धुणे आणि छाटणे

विरजण हे धुण्याला पर्याय नाही. हे वाक्य मी प्रत्येक प्रशिक्षणात म्हणते आणि तरीही सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडेच होते. सुरुवातीला रसात जंतू जितके कमी, तितकी शर्यत सोपी. गाजराचा माथा, जिथे पाला फुटतो तो खोलगट भाग, अर्धा बोट कापून टाकावा. माती तिथे अशी दडते की ब्रशही पोहोचत नाही. बिटाची साल काढावी. आधी वाहत्या पाण्याखाली ब्रशने माती घालवावी, मग क्लोरीनच्या पाण्यात बुडवावे. ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराईटचे १ मिलिलिटर १ लिटर पाण्यात घातले की क्लोरीनचे प्रमाण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) होते. हा क्रम उलटा करू नये, कारण माती क्लोरीनला आधीच खाऊन टाकते. शेवटी पिण्याच्या पाण्याने नीट खळबळून घ्यावे. क्लोरीन रसात उतरले तर ते विरजणालाही मारते. भांडी हायपोक्लोराईटने धुऊन न खळबळता रस ओतल्यामुळे विरजण ‘लागत’ नसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

येथेच दुधी भोपळ्याविषयी सांगणे आवश्यक आहे. काही जण याच पद्धतीने दुधीचा रस आंबवतात. दुधी कडू लागला तर त्यात कुकुर्बिटॅसिन असते. ते विष जिवाणूंचे नाही, भाजीचेच आहे, आणि कोणत्याही विरजणाने ते निघत नाही. असा दुधी फेकूनच द्यावा.

सुरुवातीलाच थोडी आंबट बाजू द्यावी

विरजण जागे होईपर्यंतचे पहिले काही तास सर्वांत असुरक्षित असतात. त्या काळात रस ६ सामूवर उबदार ठेवणे म्हणजे सर्वांनाच आमंत्रण देणे. म्हणून गाळलेला लिंबाचा रस किंवा खाण्याचे सायट्रिक आम्ल मीटर पाहत थोडे थोडे घालून सामू सुरुवातीलाच ४.५ पर्यंत आणावा. प्लांटारम या सामूला आरामात वाढतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू ४.६ च्या खाली उगवून विष करू शकत नाहीत, आणि ई. कोलायची वाढही मंदावते. सोबत १० लिटरला १५० ते २०० ग्रॅम मीठ घातले तर नको असलेल्या जिवाणूंना आणखी अडथळा होतो. याहून बरेच जास्त मीठ घातले तर विरजणच रेंगाळते.

यात एक मेख आहे. लिंबू घातल्यावर ४.५ हा आकडा विरजणाच्या कामाचा पुरावा राहत नाही. मग खरी कसोटी ४.५ वरून ४ च्या खाली जाण्याची, आणि तेही २४ तासांत.

बोट्युलिनमची भीती कोणी अतिशयोक्ती समजू नये. २००६ साली अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून बोट्युलिझम, म्हणजे या विषाची बाधा, झाली. अमेरिकेत चार आणि कॅनडात दोन रुग्ण आढळले. तो रस पाश्चराइझ केलेला होता, पण बीजाणू त्या उष्णतेला दाद देत नाहीत, रसाचा सामू ६ च्या आसपास होता, आणि बाटल्या पुरेशा थंड राहिल्या नाहीत.

विरजणाचा हिशेब

येथून पुढे थोडा खर्च आणि थोडी आकडेमोड आहे. विरजणाने इतरांना मागे टाकायचे तर ते दर मिलिलिटर रसात सुमारे १ कोटी जिवंत पेशी इतके असावे. १० लिटर म्हणजे १०,००० मिलिलिटर. म्हणजे एकूण १०,००० कोटी पेशी लागतात. पाकिटावर ‘५ अब्ज’ लिहिलेले असेल तर ते ५०० कोटी झाले. एका पाकिटाने दर मिलिलिटरला जेमतेम ५ लाख पेशी मिळतात, जेवढे जंतू कच्च्या रसात आधीच असू शकतात तेवढ्याच. हिशेबाने वीस पाकिटे लागतील.

वीस पाकिटे कोणी विकत घेऊ नयेत. त्याऐवजी मातृविरजण करावे. ५०० मिलिलिटर गाजराचा रस दहा मिनिटे उकळून, झाकण ठेवून ३५ अंशांपर्यंत निववावा, त्यात एक पाकीट घालावे आणि २४ तास उबेत ठेवावे. दर मिलिलिटरला केवळ २० कोटी पेशी तयार झाल्या, तरी ५०० मिलिलिटरमध्ये १०,००० कोटी होतात आणि १० लिटरचा हिशेब जुळतो. मातृविरजणाचा सामू २४ तासांत ४ च्या खाली आला नसेल तर ते मोरीत ओतावे, रसात नाही.

आदल्या बॅचचा उरलेला रस विरजण म्हणून वापरण्याची सवय दोन-तीन वेळांपेक्षा पुढे नेऊ नये. दर पिढीत थोडे यीस्ट आणि थोडे परके जिवाणू सोबत येतात, आणि एकदा जिवाणूभक्षी विषाणू शिरले की विरजण एकाएकी बसते. बॅच १ ते ५ उत्तम आणि ६ पासून सगळ्या बिघडलेल्या, असा आलेख दिसला तर नव्या पाकिटापासून सुरुवात करणे हाच उपाय आहे.

आंबट रसातही ई. कोलाय: घाई आणि शीतपेटी

दुसऱ्या लक्षणाकडे आता वळू, कारण प्रामाणिकपणे काम करणारे लोक याच ठिकाणी सर्वाधिक हवालदिल होतात. सामू ४ च्या खाली आला की जंतूंची वाढ थांबते, पण वाढ थांबणे आणि मरणे यांत वेळेचे अंतर असते. ई. कोलाय ओ१५७:एच७ तर आम्ल सहन करण्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. १९९६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात पाश्चराइझ न केलेल्या सफरचंदाच्या रसातून त्याचा उद्रेक झाला, साठहून अधिक लोक आजारी पडले आणि एका बालिकेचा मृत्यू झाला. सफरचंदाचा रस तर मुळातच ४ च्या आसपास किंवा खाली असतो. पुढे २००१ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने रसउत्पादकांसाठी नियम केला, की प्रक्रियेने संबंधित रोगकारक जंतू एक लाख पटींनी कमी झाले पाहिजेत.

आणि येथे आपली एक चांगली सवय आड येते. सामू उतरला की लगेच बाटल्या शीतपेटीत जातात. आम्लाचा मारा उबेत जलद होतो आणि गारव्यात मंदावतो, त्यामुळे थंड केलेल्या आंबट रसात ई. कोलाय आणि साल्मोनेला उलट जास्त दिवस तग धरतात. म्हणून सामू ४ च्या खाली आल्यावर रस आणखी किमान २४ तास त्याच उबेत, बंद झाकणाखाली ठेवावा आणि मगच ४ अंशांवर न्यावा. चव अधिक आंबट होईल; ग्राहकाला ती समजावून सांगावी. किती वेळ पुरेसा आहे हे मात्र आपल्या रसावर, आपल्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांनीच ठरवावे: ०, २४, ४८ आणि ७२ तासांचे चार नमुने एकाच बॅचचे द्यावेत. एकच नमुना ‘पास’ झाला म्हणजे प्रक्रिया सिद्ध झाली असे होत नाही.

पांढऱ्या सायीचाही संबंध इथेच येतो. ते यीस्ट हवेवर जगते आणि लॅक्टिक आम्लच खाते. म्हणजे आपण उभी केलेली भिंत ते आतून पोखरते. साय काढून रस विकू नये. बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात, आणि सामू ४.२ च्या वर चढलेला आढळला तर ती सर्व बॅच टाकून द्यावी.

भांडी, नळ, रबरी चकत्या

रस आंबताना स्वच्छ आणि बाटलीत गेल्यावर दूषित, असे अहवाल आले तर दोष शेवटच्या टप्प्यात आहे. एका ठिकाणी आम्ही सर्व काही तपासले, विरजण दोनदा बदलले, तरी कोलिफॉर्म जाईनात. शेवटी स्टीलच्या टाकीचा नळ पान्याने उघडला. आतल्या रबरी चकतीखाली बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी-गुलाबी थर होता, नखाने खरवडला तरी पूर्ण निघेना. रोज टाकी चकचकीत घासली जात होती आणि रोज प्रत्येक बाटली त्या थरावरून भरली जात होती.

असा थर जंतूंना आम्लापासून आणि क्लोरीनपासूनही झाकतो. म्हणून रस काढण्याच्या यंत्राची जाळी, मिक्सरच्या पात्याखालची चकती, गाळण्याचे फडके, नळ्या आणि नळ हे सर्व दर वेळी सुटे करून, साबणाने घासून, उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावे. फडके वाळले म्हणजे स्वच्छ झाले असे नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर त्याचीही जिवाणू-तपासणी करून घ्यावी. बाटल्या खळबळण्याचे पाणीच दूषित असेल तर वरची सारी मेहनत वाया जाते.

रस तापवून मग विरजण

एवढे करूनही अहवाल सुधारत नसेल तर कच्चा रस आंबवण्याचा हट्ट सोडावा. रस ८० अंशांपर्यंत तापवून पाच मिनिटे तिथे ठेवावा आणि झाकण न उघडता थंड पाण्याच्या परातीत ३५ अंशांपर्यंत उतरवावा. ई. कोलाय, साल्मोनेला आणि लिस्टेरिया या उष्णतेत मरतात आणि विरजणाला रिकामे मैदान मिळते, दह्यासारखेच. रंग थोडा मंदावतो. मी स्वतः आता नव्या गटांना थेट हीच पद्धत शिकवते, कारण कच्च्या रसात सुरक्षितता राखायला जी शिस्त लागते ती सणासुदीच्या मागणीत टिकत नाही, हे मी पाहिले आहे.

बीजाणू मात्र या उष्णतेत जगतात, उलट तापल्याने त्यांना उगवण्याची चेतना मिळते. त्यामुळे तापवलेला रस विरजण न लावता कोमट ठेवणे हे कच्च्या रसापेक्षाही धोक्याचे आहे. लिंबू आणि विरजण एक तासाच्या आत पडलेच पाहिजेत.

कोठे थांबावे

पुढील परिस्थितीत घरगुती तपासण्या थांबवून विक्री बंद करावी. लागोपाठ दोन बॅचेसचा सामू २४ तासांत ४.६ च्या खाली (सुरुवातीला लिंबू घातले असेल तर ४ च्या खाली) आला नाही. तापवलेल्या रसातही ई. कोलाय आढळला, साल्मोनेला किंवा लिस्टेरिया एकदाही आढळला, किंवा शीतपेटीतली बंद बाटली फुगली. लिस्टेरिया शीतपेटीच्या गारव्यातही वाढू शकतो आणि गर्भवतींसाठी तो विशेष घातक आहे, म्हणून तिथे ‘आणखी एक बॅच करून पाहू’ याला जागा नाही. कोणताही कच्चा आंबवलेला रस गर्भवती, तान्ही मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना देऊ नये, अहवाल चांगला असला तरी.

मदतीसाठी अन्नसूक्ष्मजीवशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या तज्ज्ञाकडे जावे. परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय, मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्था आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था ही या विषयातली जाणती ठिकाणे आहेत. ओळख पटलेला, नोंदलेला वाण हवा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मात्र असा वाण हाताळायला प्रशिक्षित व्यक्ती लागते. नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्यावेत. जाताना सामूच्या आणि तापमानाच्या तासवार नोंदी, पाकिटाचा फोटो आणि त्याचा बॅच क्रमांक सोबत न्यावा; याशिवाय तज्ज्ञालाही अंदाजच करावे लागतात.

रस प्यायलेल्या कोणाला रक्ताचे जुलाब झाले, लघवी कमी झाली, पापण्या जड होऊन एकाची दोन दिसू लागली, बोलणे अडखळले किंवा गिळता येईनासे झाले, तर ते घरगुती उपायांचे दुखणे नाही; त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना रसाविषयी आपण होऊन सांगावे. उरलेली बाटली फेकू नये आणि धुऊ नये. झाकण घट्ट लावून, दुहेरी पिशवीत घालून, इतर अन्नापासून वेगळी शीतपेटीत ठेवावी, कारण डॉक्टर आणि अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी सर्वांत आधी तीच मागतात.